मेकॅनिकल झालंय, बिल्डिंगच्या एचव्हीएसी (एसी, हीटिंग, व्हेंटिलेशन) डिझाइनला जायचंय – नक्की कोणतं सॉफ्टवेअर शिकू?

लातूरचा_मेक
नमस्कार मंडळी. यंदा मेकॅनिकल झालं, गाव लातूर जिल्ह्यात, सध्या संभाजीनगरला मित्रांसोबत रूमवर राहतोय. कॉलेजात कॅटिया आन सॉलिडवर्क्स शिकलो कारण सगळे म्हणायचे वाळूजच्या कारखान्यांत तेच चालतं, पण त्या पार्ट-असेंब्लीत माझं मन काही लागंना. मला बिल्डिंगचं काम आवडतं, म्हणजे एसी, डक्ट, चिलर, फायर फायटिंग. इथल्या एका क्लासवाल्यानं ऑटोकॅड (ड्रॉइंग), रेव्हिट (थ्रीडी मॉडेल), नेव्हिसवर्क्स (मॉडेल एकत्र तपासणं), हॅप (एसीचा लोड काढणं) असं सगळं मिळून पॅकेज सांगितलंय, फी साठ हजार आन वर शंभर टक्के प्लेसमेंट म्हणतो. वडील म्हणतात सोयाबीनचे पैसे आले की भरू. भरावे का? पुण्या-मुंबईचे कन्सल्टंट फ्रेशरला काय विचारतात नक्की?

डक्टवाला
भाऊ आधी थांब, सोयाबीन विकल्याबरोबर क्लासवाल्याच्या हातात देऊ नको. शंभर टक्के प्लेसमेंट म्हणणाऱ्याला मागच्या बॅचची पोरं कुठं लागली ते विचार आन त्यातल्या दोघांशी फोनवर बोल, मग कळंल.

ऑटोकॅड पक्कं पाहिजे, पण "येतं" म्हणजे लाइन-सर्कल नाही. आर्किटेक्टचा प्लॅन येतो तो एक्सरेफ म्हणून, म्हणजे बाहेरची फाइल म्हणून जोडायचा, त्यात फर्निचरचे, हॅचचे पन्नास लेयर असतात ते फिके करायचे, युनिट मिलीमीटर आहे का इंच ते बघायचं, मग वर आपला डक्ट. लेआउट म्हणजे प्रिंटच्या शीटवर व्ह्यूपोर्टची चौकट लावून १:१०० ला प्रिंट बरोबर निघाली पाहिजे. इंटरव्ह्यूत बऱ्याच ठिकाणी एक प्लॅन हातात देतात आन म्हणतात एवढ्याचा डक्ट काढून दाखव, तिथं अर्धी पोरं गळतात. आणि एक्सेल! त्याला कोणी सॉफ्टवेअरच समजत नाही पण इक्विपमेंट शेड्यूल, बीओक्यू (मालाची यादी), डक्टमधल्या स्टॅटिक प्रेशरची शीट सगळं दिवसभर एक्सेलमध्येच चालतं राव.

बिम_वाली_ताई
कॅटिया शिकलास ते वाया गेलं नाही, पॅरामीटरची सवय असली की रेव्हिटची फॅमिली, म्हणजे मापं बदलता येणारे तयार घटक, लवकर समजतात. मी पुण्यात बिमचं (बिल्डिंगच्या थ्रीडी माहिती-मॉडेलचं) काम करते, आमच्याकडे येणारी मुलं सर्टिफिकेट घेऊन येतात आणि सुंदर थ्रीडी दाखवतात, पण डक्टला सिस्टिम कोणती लावली, सप्लाय का रिटर्न, ते विचारलं की गप्प. डिफ्यूजरचा (हवा सोडणाऱ्या जाळीचा) कनेक्टर डक्टला खरंच जोडलेला नसेल तर फ्लो पुढे जातच नाही, नुसतं चित्र राहतं. सगळ्यांची सामाईक सेंट्रल फाइल, त्यातले कामाचे भाग म्हणजे वर्कसेट, आर्किटेक्टचं मॉडेल लिंक करणं, व्ह्यू टेम्पलेट एवढं नीट कर. नेव्हिसवर्क्समध्ये क्लॅश (डक्ट, पाइप, बीम कुठे एकमेकांना धडकतात ते) काढणं चार दिवसांत येतं, क्लॅश सोडवायचा कसा ते महत्त्वाचं. समज बीमखाली फॉल्स सीलिंगपर्यंत ४०० मिमी जागा आहे आणि डक्ट ३५० चा, त्यावर इन्सुलेशन, फ्लँज, सपोर्ट, शिवाय शेजारून स्प्रिंकलरचा पाइप. मग डक्ट चपटा करायचा का वळवायचा? एसीच्या ड्रेन पाइपला तर उतार लागतोच, तो वर उचलता येत नाही, म्हणून आम्ही बहुतेक वेळा त्यालाच आधी जागा देतो.

कॉलेजचा आयडी चालू असेल तर ऑटोडेस्कचं विद्यार्थ्यांसाठीचं लायसन्स फुकट आहे, नसेल तर थोड्या दिवसांची ट्रायल घे. क्रॅक टाकू नकोस. आणि कंपनीत कोणतं व्हर्जन चालतं ते विचारून घे, नव्या रेव्हिटमध्ये सेव्ह केलेली फाइल जुन्यात उघडत नाही.

साइटवरचा_काका
वरचं सगळं खरं, पण पोरांनो हॅप काय आन ट्रेस काय, दोन्ही लोड काढायची सॉफ्टवेअर, आकडे टाकले की उत्तर देणारच, चूक टाकलं तरी देतं. आधी हातानं कर. तुझ्या लातूरातच बघ की, कोचिंग क्लासचा एक हॉल धर, १००० स्क्वेअर फूट, आत १०० पोरं. बसलेल्या माणसाची उष्णता साधारण २४५ सेन्सिबल (तापमान वाढवणारी) आन १५५ लेटंट (घाम-श्वासाच्या वाफेतली) बीटीयू तासाला, बीटीयू म्हणजे उष्णतेचं माप, म्हणजे १०० पोरांचे ४०,०००. एसीचा एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू, तर नुसत्या पोरांचेच सव्वातीन टनांच्या वर झाले! आता ताजी हवा. अॅश्रे ६२.१ या ताज्या हवेच्या अमेरिकन स्टँडर्डनुसार लेक्चर हॉलला माणशी ७.५ सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा) आन वर स्क्वेअर फुटाला ०.०६, म्हणजे ७५० अधिक ६०, ८१० सीएफएम. बाहेर ४२ डिग्री आत २४ धरलं तर या हवेचेच सेन्सिबल जवळपास २.४ टन. अजून छत, भिंती, लाइट, प्रोजेक्टर बाकीच आहे. आन आपल्याकडं दुकानदार हॉलची लांबी-रुंदी विचारतो आन स्प्लिटचे टन सांगून मोकळा होतो, पोरं किती बसणार ते विचारतच नाही, म्हणून एप्रिलमध्ये मागच्या बाकावर घाम.

हे कागदावर कर, मग हॅपमध्ये टाक, दोन्हीत फरक का आला ते शोध. त्याचाच डक्ट ऑटोकॅडमध्ये काढ, नंतर रेव्हिटमध्ये. हेच घेऊन इंटरव्ह्यूला जा, साठ हजार कशाला लागतात.

लातूरचा_मेक
काका लै भारी सांगितलंत, वडिलांना आज सांगतो सध्या भरू नका म्हणून. ओळखीच्या सरांचा हॉल आहे, टेप घेऊन मापं घेतो. एकच शंका, बाहेरचं तापमान किती धरायचं? पेपरात तर उन्हाळ्यात ४३-४४ पण छापून येतं.

साइटवरचा_काका
पेपरातला आकडा धरू नको, मशीन उगाच मोठं होतं. डिझाइनसाठी हवामानाची वेगळी टेबलं असतात, त्यात ०.४ टक्क्यांचा आकडा बघ, म्हणजे वर्षाच्या ८७६० तासांपैकी फक्त ३५ एक तास तापमान त्याच्या वर जातं. ड्राय बल्ब म्हणजे साध्या तापमानासोबत वेट बल्ब (ओल्या थर्मामीटरचं, दमटपणा कळायला) पण घे. लातूरचं नाही सापडलं तर जवळच्या स्टेशनचं घे, पण कोणतं स्टेशन आन कोणता टक्का घेतला ते शीटवर लिहून ठेव, इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न तोच येऊ शकतो.

बिम_वाली_ताई
आणि छताखाली बीम किती खाली येतोय ते पण मापून घे रे, नुसती लांबी-रुंदी नको.