मदत हवी आहे: कायाकवर हात न पोचणाऱ्या जागी रॉड होल्डर कसा बसवावा?

नमस्कार मंडळी. रोटोमोल्ड (फिरत्या साच्यात घडवलेली) पॉलिथिलीनची साडेदहा फुटी कायाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी आहे, जाडी सुमारे ५ मिमी. धोम आणि कण्हेर धरणांच्या पाण्यात गळाने कटला मासे धरण्यासाठी वापरायची आहे, म्हणून गळाची काठी (रॉड) उभी धरणारे होल्डर बसवतोय.

सीटमागचे दोन फ्लश (भोकात आत बसणारे) होल्डर सोपे आहेत. हॅचमधून (झाकणाच्या तोंडातून) हात आत जातो, त्यामुळे एम५ चे स्टेनलेस बोल्ट, आतून रुंद वायसर आणि नायलॉक (नायलॉनच्या कड्याचे, सैल न होणारे) नट. अडचण पुढच्या ट्रॅकची, म्हणजे होल्डर सरकवून बसवायच्या पट्टीची आहे, तिथे आतून नट धरताच येत नाही. टॅपिंग स्क्रू नकोच. एवढ्या पातळ प्लास्टिकमध्ये आटे जेमतेम धरतात, आणि माशाने ओढ दिली की लांब रॉड पहारीसारखा स्क्रू उचकटतो.

मग तीन पाकळ्यांचे रिव्हेट (बाहेरून ओढले की आत तीन पाकळ्यांत उलगडणारे) घ्यावेत की पितळी आट्यांचे रबरी वेल-नट (बोल्ट आवळला की आत फुगणारे)? रिव्हेटला ५ मिमीचं भोक पुरतं, पण बदलायचा झाला तर ड्रिलनेच काढावा लागतो. वेल-नट स्वतःच पाणी अडवतो, पण भोक सुमारे १० मिमीचं लागतं, आणि ट्रॅकच्या कडेला तेवढी जागा कमीच आहे.

सिलिकॉन पॉलिथिलीनला धड चिकटत नाही, म्हणून पाणी अडवायला ट्रॅकखाली ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) लावणार आहे. भोकाच्या कडेला राहणारी प्लास्टिकची कुरळी साल कटरने काढल्याशिवाय टेप सपाट बसत नाही, हे ध्यानात आहे. वल्हं होल्डरला अडत नाही ना, तेही सीटवर बसून मारून पाहिलं आहे.

पुढच्या ट्रॅकला यातलं कुणी काय वापरलंय? आणि तीन पाकळ्यांचे रिव्हेट साताऱ्यात किंवा सांगलीत कुठल्या प्रकारच्या दुकानात मिळतील?