पानशेतच्या पुराच्या खुणा: फोटो आणि मोजमापासाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पुण्यात नारायण पेठेत माझी आजी ज्या वाड्यात राहायची, त्याच्या शेजारचा वाडा दिवाळीनंतर पाडणार आहेत. त्या वाड्याच्या जिन्याच्या भिंतीवर, सातव्या पायरीच्या जरा वर, तांबड्या तैलरंगाची आडवी रेघ आहे आणि तिच्याखाली १२-७-६१ असा आकडा. रेघेवर पुढे रंगाचे इतके हात बसलेत, की माहीत असल्याशिवाय ती दिसत नाही. माझ्याकडे जेमतेम महिना आहे, म्हणून घाईने लिहितेय.

१२ जुलै १९६१, तो बुधवार होता. सकाळी पानशेत धरण फुटलं, दुपारी खडकवासला. लकडी पुलावरून पाणी गेलं आणि नदीकाठच्या पेठा बुडाल्या. आजी सांगायची, सगळे नदीच्या बाजूला बघत उभे होते आणि पाणी आलं ते मागच्या गटारातून. पूर ओसरल्यावर बऱ्याच घरांनी पाणी कुठवर चढलं होतं त्याची खूण करून ठेवली. कोणी रंगाने, कोणी दगडात टाकीने. कसब्यात एका घरी दाराच्या चौकटीत नुसता एक खिळा आहे. आजोबांनी ठोकला होता म्हणून तीन पिढ्यांनी तो उपटला नाही.

गेली दोन वर्षं मी रविवारी सकाळी कॅमेरा घेऊन नारायण, शनिवार आणि कसबा पेठेत फिरते. ३१ खुणा सापडल्या. त्यातल्या ८ आता नाहीत, त्या जागी नवीन इमारती उभ्या आहेत.

आमच्याकडच्या वाड्यांचं बांधकाम खाली दगडी जोतं आणि वर पांढऱ्या मातीचे भेंडे (न भाजलेल्या कच्च्या विटा), असं. सागवानी सांगाडा भार पेलतो, भिंत फक्त आडोसा. पाण्यात भेंडे विरघळले आणि भिंती जागच्या जागी बसल्या. म्हणजे जिथे सगळ्यात जास्त पडझड झाली, तिथे खूण करायला भिंतच उरली नाही. माझ्या नकाशावर जी गल्ली मोकळी दिसते, तिथे पाणी कमी होतं असं नव्हे, कदाचित उलटच असेल. काही घरांत जुन्या खांबांच्या मधे नंतर भरलेली विटांची भिंत स्पष्ट दिसते. मी आता तिचाही फोटो घेते, तीही पुराचीच खूण आहे.

आता अडचणी सांगते.

पहिली उजेडाची. बोळ सात-आठ फुटांचा, ऊन भर दुपारी दहा मिनिटं डोकावतं. आणि जिन्यात तर अंधारच. समोरून फ्लॅश मारला की भिंत पांढरीफटक होते आणि रेघ गायब. मागे सरकायला जागा नाही म्हणून वाइड लेन्स लावावी लागते, मग आडवी रेघ वाकडी येते. ट्रायपॉड आहे, फोटो रॉमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढते. अशी बुजलेली रेघ फोटोत आणायची काही युक्ती आहे का?

दुसरी अडचण मला जास्त छळतेय. उंची मोजायची कशापासून? मी सुरुवातीला रस्त्यापासून टेप लावत होते. मग लक्षात आलं की लहानपणी आम्ही आजीच्या वाड्यात तीन पायऱ्या चढून जायचो आणि आता एक पायरी उतरून जावं लागतं. दर डांबरीकरणात रस्ता वर येत गेला. म्हणजे माझी पहिल्या वर्षाची सगळी मापं निरुपयोगी. आता जोत्याच्या माथ्यापासून मोजते, पण प्रत्येक वाड्याचं जोतं वेगळ्या उंचीचं, मग दोन घरांची तुलना कशी करणार? गवंडी वापरतात तशी पाण्याची पारदर्शक नळी घेऊन घाटाच्या पायरीवरून पातळी गल्लीत आणता येईल का? वळणावर चूक किती वाढते? शिवाय वाहत्या पाण्याला उतार असणारच, म्हणजे लकडी पुलाजवळची खूण आणि नव्या पुलाजवळची (म्हणजे शिवाजी पुलाजवळची) खूण एका पातळीत यायला नको, बरोबर ना? कोणी सिव्हिलवाले किंवा सर्व्हेचं काम केलेले असाल तर कृपया सविस्तर लिहा.

तिसरी गोष्ट माणसांची. फोटोचं नाव काढलं की वाडा वारसा यादीत जाईल आणि पुनर्विकास अडेल अशी भीती मालकांना वाटते. भाडेकरू म्हणतात, मालकाला विचारा. त्यांची काळजी मला खोटी वाटत नाही, गळक्या छपराखाली त्यांनाच राहायचंय. पण तेव्हा पंधरा वर्षांचे असलेले आज ऐंशीच्या घरात आहेत, त्यामुळे थांबायलाही वेळ नाही. तुम्ही कोणी अशा घरांत काम केलंय का? बोलायला सुरुवात कशी केलीत?

(पुरानंतर नळ कोरडे पडले तेव्हा लोकांनी वाड्यांतले आड उपसून वापरले. ते आडही टिपतेय, पण त्याबद्दल वेगळं लिहीन.)

भर, तीन दिवसांनंतर: सगळ्यांचे मनापासून आभार. बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून, एका बाजूने उजेड टाकायची सूचना कामी आली. काल संध्याकाळी जिन्यातले दिवे घालवून करून पाहिलं. तैलरंगाला जाडी असते, त्यामुळे वरच्या रंगातूनही रेघेची कड उठून आली. आकड्यातला ६ तर ब्रशच्या फटकाऱ्यांसकट दिसतोय. बॅटरी चारही बाजूंनी फिरवून २० फोटो घेतले.

नळीचा प्रयोग एकटीने होणार नाही, दुसऱ्या टोकाला माणूस लागतो. ५० फूट नळी आणून ठेवली आहे. येत्या रविवारी सकाळी ७ वाजता मी ओंकारेश्वराजवळ घाटाच्या पायऱ्यांवर असेन. पातळी वाचता येणारं कोणी आलं तर फार बरं होईल, नाही तर नुसतं नळी धरायला या.