वीरगळांना (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांना) ऑइल पेंट: जतन की नासधूस?

मूळ पोस्ट: ओढ्याकाठचे पाच दगड तरुण मंडळाने देवळासमोर सिमेंटच्या कट्ट्यात बसवले, ऑइल पेंट दिला, 'शिवकालीन सतीशिळा' असा फलक लावला. गावोगावी हा आदर्श हवा!

कातळवेडा: कसला आदर्श? जमिनीतली ओल दगडातून वर चढते. ऑइल पेंटमुळे ती बाहेर पडत नाही, क्षार रंगाखाली साठून फुगतात आणि पापुद्र्याबरोबर कोरीवकामाची कडही सुटते. सिमेंट तर आणखी क्षार सोडतं. उद्या काढायला गेलात तर दगड फुटेल, सिमेंट नाही. खड्डा घेऊन बुडाशी मुरूम ठोकला असता तरी भागलं असतं. कट्टाच हवा होता तर चुना एक, वाळू तीन.

ओढेकर: वा पंडित! त्यावर धुणी आपटत होते तेव्हा कुठे होतात? रंग-शेंदूर लागला की कुणी पाय लावत नाही.

कातळवेडा: शेंदराचे थर बोटभर चढले की वीरगळावर कोरलेली लढाई, अप्सरा, शिवलिंग, सगळ्याचा एक गोळा. मग राखलंत काय?

शिळाप्रेस: रंग राहू द्या, फलक बघा! फोटोतल्या उजवीकडच्या दगडावर खाली गाढव आहे. तो गधेगाळ, दानाची जमीन लाटणाऱ्याला शिवी. बायका तिला हळदकुंकू वाहणार आता! सतीशिळेवर कोपरात वाकलेला, बांगड्यांचा हात असतो. आणि 'शिवकालीन' कशावरून? अलिबागजवळच्या अक्षीचा गधेगाळ शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२.

ओढेकर: वीरगळ मराठेशाहीतही उभारले जायचे. सगळं यादवांच्या खात्यावर टाकू नका.

शिळाप्रेस: जायचे. मग शस्त्रं-पोशाख बघून ठरवा, कुणाच्या हाती बंदूक आहे का ते बघा. गधेगाळावर मधोमध लेख असेल तर रात्री बॅटरी कडेने तिरकी धरा. झिजलेली अक्षरंही सावलीने उठतात. पीठ चोळू नका, बुरशी धरते.

चावडी: फलकावर मंडळाची अठ्ठावीस नावं, दगडांबद्दल दीड ओळ. खरा वीरगळ तो फलकच!

ओढेकर: तुम्ही वर्गणी किती दिलीत ते सांगा, मग बोला. बरं महाराज, सिमेंट चुकलं. रंग वायर ब्रशने खरवडतो, खूश?

कातळवेडा: अहो, हात लावू नका! छिन्नीच्या खुणा जातील. सँडब्लास्टिंगही (वाळूचा जोरदार फवारा) नको. जाणकाराला बोलवा, तो आधी कोपऱ्यात बोटभर जागेवर चाचणी घेईल. आणि मूळ जागा कुठली, तोंड कुठल्या दिशेला होतं, कोणता दगड कुणाशेजारी, हे उचलण्याआधी टिपलंत का?

ओढेकर: फोटो आहे एक. त्यात मंडळच दिसतंय.