दिवा आमचा, बिल आमचं, मग सक्ती कशाला?

खडूस:
कालच्या चर्चेत एकाने ठासून लिहिलं, "लोकांना हिशेब कळत नाही, म्हणून वीजखाऊ उपकरणांवर बंदीच हवी." तिथे दोन ओळींत भागेना, म्हणून हा वेगळा धागा. स्टार लावा, आकडे छापा, हवा तर कर लावा. पण वस्तू दुकानातूनच गायब? युरोपने २००९ मध्ये १०० वॅटचे जुने, तंतूचे बल्ब बंद केले आणि लोकांच्या माथी सीएफएल आले. पूर्ण उजळायला वेळ, प्रकाश पांढराफटक, वर आत पारा. जरा दम धरला असता तर एलईडी लोकांनी आपणहून घेतलेच असते.

मीटरवाचक:
तो 'एक' मीच. "बिल आमचं" हे भाडेकरूला सांगा. गीझर घरमालक निवडतो, स्वस्तातला. बिल भाडेकरू भरतो. यात निवड कुणाची? आणि बाजाराचं कौतुक पुरे. १९२४ मध्ये बड्या कंपन्यांनी संगनमताने बल्बचं आयुष्य १००० तासांवर आणलं होतं.

फ्यूज:
अर्धंच सांगितलंत. तंतू जास्त तापवला की आयुष्य घटतं, पण तेवढ्याच विजेत उजेड जास्त मिळतो. म्हणजे तुमच्याच हिशेबाने ते कार्यक्षमतेचे पुजारी निघाले!

मीटरवाचक:
हो का? मग दंड कशाला ठेवला होता, जास्त टिकणारा बल्ब बनवणाऱ्याला?

धुणंवाली:
बल्बचं राहू द्या. आमच्या नव्या, वीज वाचवणाऱ्या इन्व्हर्टर वॉशिंग मशीनचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड वॉरंटी संपताच गेला. "दुरुस्त होत नाही, नवीनच घ्या." जुनं मशीन पट्टा बदलला की चालायचं. वीज वाचली म्हणे! अख्खं मशीन भंगारात गेलं, ते बनवायला लागलेली वीज कुणी मोजली?

खडूस:
+१. आणि इको प्रोग्राम तीन-तीन तास चालतो!

मीटरवाचक:
खरी वीज पाणी तापवण्यात जाते. इकोमध्ये पाणी कमी तापतं, म्हणून वेळ वाढतो. घाई असेल तर दुसरा प्रोग्राम लावा.

धुणंवाली:
प्रोग्राम शिकवू नका. घरात धुणं कोण वाळत घालतं, ते सांगा आधी.

मीटरवाचक:
मीच. असो. बोर्डाचं दुखणं खरं आहे, पण त्यावरही औषध सक्तीचंच. युरोपात २०२१ पासून वॉशिंग मशीनचे ठरावीक सुटे भाग, बोर्डासकट, १० वर्षं मिळायलाच हवेत. कंपन्यांनी हे आपणहून केलं नव्हतं.

खडूस:
कंपन्यांवर करा की सक्ती, मी कुठे नाही म्हणतोय?

मीटरवाचक:
बल्बची बंदीही कंपन्यांवरच होती, महाराज. घरात शिरून कुणी तुमचा दिवा काढला नाही.

खडूस:
दुकानात नसला तर घरात कुठून येणार? शब्दांचे खेळ थांबवा. सुट्या भागांपुरतं मान्य, तेवढंच.

धुणंवाली:
तुमचं चालू द्या. बोर्ड बाहेर दुरुस्त होतो का?

फ्यूज:
त्यावरचा रिले किंवा कपॅसिटर असा एखादा छोटा भाग गेला असेल तर होतो. वर सिलिकॉनचा थर ओतलेला असेल तर बहुतेक जण हातच लावत नाहीत.