सी हॅरियर काढून नेव्हीने नक्की काय कमावलं?

पन्हाळकर: मागे गोव्याला बोगमाळोच्या नेव्हल एव्हिएशन म्युझियममध्ये सी हॅरियर बघितलं, तेव्हापासून डोक्यात आहे. जागच्या जागी उभं उडणारं आणि तसंच उतरणारं विमान हातात असताना नेव्हीने २०१६ ला ते काढून रशियन मिग-२९के का धरलं? मिगला तर उतरताना अडवायला हुक, वायर, लांब डेक, सगळाच पसारा. कोणाला माहिती असेल तर सांगा, विकिपीडिया वाचून झालंय.

डेकवाला: भाऊ, आधी ते 'उभं उडणारं' डोक्यातून काढा. मिसाइल आणि पोटभर इंधन घेऊन ते सरळ वर जात नाही, विराट या विमानवाहू बोटीच्या डेकवरून पळत येऊन स्की-जंपवरून, म्हणजे टोकाच्या वर वळलेल्या उतारावरून, उडी मारायचं, फक्त परत येताना उभं उतरायचं. आणि खरी गोम उतरण्यातच होती. तेव्हा पंख काही कामाचे नाहीत, सगळं वजन पेगॅसस इंजिनाच्या चार नॉझलवर, म्हणजे खाली वळवलेल्या झोताच्या तोंडांवर, त्यात इंजिनाला जोर यावा म्हणून आत पाणी सोडतात आणि ते पाणी दीडेक मिनिटात संपतं. हवा गरम असली की जोर अजून कमी, म्हणजे अरबी समुद्रावर एप्रिल-मेमध्ये काय होत असेल बघा. न वापरलेलं मिसाइल परत आणायचं म्हटलं तरी वजनाचा हिशोब. वर सुपरसॉनिक नाही ते वेगळंच.

वास्को_दाबोळी: वरचं बरोबर आहे पण त्यामुळे काढलं असं नाही हं. ही मर्यादा १९८३ ला पहिली विमानं दाबोळीला उतरली तेव्हापण होतीच की, आणि ३०० स्क्वाड्रनने, व्हाइट टायगर्सने, ३० वर्षं चालवलीच ना. विमानंच उरली नाहीत हे कारण आहे. एकूण ३० घेतली, त्यातली निम्म्याहून जास्त अपघातात गेली. नवीन कुठून आणणार, कारखाना बंद. ब्रिटिशांनी २००६ ला त्यांची सी हॅरियर काढली तेव्हा आठेक घ्यायची बोलणी झाली होती, पण रडार काढून देणार आणि डागडुजीचा खर्च आपल्या गळ्यात, मग बारगळलं. शेवटी आहेत त्यातच इस्रायली रडार आणि डर्बी मिसाइल बसवून दिवस काढले, ते काम मात्र झकास झालं होतं.

पन्हाळकर: अच्छा. मग विराट तर धडधाकट होती, तिच्यावर मिग का नाही चढवलं?

डेकवाला: विराटवर विमान अडवायच्या वायरच नाहीत हो, मिग थांबणार कसं? हॅरियर गेलं की ती फक्त हेलिकॉप्टरची बोट. म्हणून तर ६ मार्च २०१६ ला हॅरियर तिच्यावरून शेवटचं उडालं, ११ मेला गोव्यातल्या हंसा या नेव्हीच्या तळावर निरोप आणि बरोबर वर्षाने, ६ मार्च २०१७ ला, विराट पण निवृत्त. जोडीच होती ती.

वास्को_दाबोळी: आणि आपण निदान मिग आणि त्यांच्यासाठीची नवी विमानवाहू बोट विक्रमादित्य आधी आणून मग हॅरियर सोडलं. ब्रिटिशांनी २०१० ला पैसे वाचवायला उरलेली हॅरियर पण एका फटक्यात काढली, ७२ विमानं अमेरिकेच्या मरीन्सना मुख्यतः स्पेअरसाठी विकली, आणि एफ-३५बी हे नवं फायटर येईपर्यंत कित्येक वर्षं त्यांच्या नेव्हीकडे बोटीवरून उडवायला एक फायटर नव्हतं. आता मिगच्या मेंटेनन्सच्या बोंबा आहेत त्या आहेतच, पण त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे सुरू केलं तर रात्र जाईल.