उतार म्हणजे पार्किंग नव्हे!

ट्रेलरवरून बोट पाण्यात सोडायच्या उतारावर रांगेतल्यांची तक्रार असते, 'पुढचा गडी उतारावरच सामान भरत बसतो', आणि ती रास्तच आहे. हिडकल धरणाचा फुगवटा असो की कृष्णाकाठ, तयारी वर सपाटीलाच उरकायची. बोटीच्या बुडाचं बूच घट्ट, लाइफ जॅकेट अंगात, पुढच्या कडीला लांब दोर, ट्रेलरच्या दिव्यांची पिन काढलेली. मागचे पट्टे वरच सोडा, पण पुढचा विंचचा (बोट ट्रेलरवर ओढून धरणाऱ्या चरखीचा) हूक बोट पाण्याला लागेपर्यंत अजिबात सोडू नका. नाहीतर बोट थेट दगडावर! लांबून आला असाल तर ट्रेलरच्या चाकांचे हब (बेअरिंग असतं तो मधला भाग) गार होऊ द्या. तापलेला हब पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते, सीलमधून पाणी ओढलं जातं आणि बेअरिंग जातं.

गाडी उतारावर थांबवली की हँडब्रेक ओढून चाकाला उटी लावाच. उन्हाळ्यात पाणी मागं सरकल्यावर राहतो तो गाळ वरून वाळलेला दिसतो, म्हणून आधी पायी चालून बघा. बोट सुटली की दोरानं बाजूला ओढून गाडी लगेच वर. परतताना बूच वर आल्यावर काढा, उतारावर पाणी सांडलं की मागच्याची चाकं घसरतात. रात्री रिव्हर्स घेणाऱ्याच्या तोंडावर हेडलाइट नको. आणि मासेमारांची जाळी वाळत असतील तर तेवढी जागा त्यांची, हॉर्न कशाला?