शब्दचर्चा : फूटीतल्या ड्राफ्ट, पिक, ट्रेडला मराठीत काय म्हणावं?

वरणगावकर :
ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, ज्याला तिथे बोलताना ‘फूटी’ म्हणतात, त्या खेळात क्लब खेळाडू कसे मिळवतात, यावर एक मराठी टिपण लिहायला घेतलं आहे. नियम बऱ्यापैकी समजले, गाडी अडली आहे ती शब्दांपाशी. ‘ड्राफ्ट’ टाकला की भाषांतराचं यंत्र ‘मसुदा’ देतं. बातम्या वाचायच्या सवयीने हात ‘लिलाव’कडे जातो. ‘ट्रेड’ला विक्री म्हणू, बदली म्हणू की व्यापार? आणि ‘पिक’ देवनागरीत लिहिलं की वाचणाऱ्याला शेतातलं पीक दिसतं. माझ्या वाचकांना आयपीएल तोंडपाठ आहे, फूटी अजिबात माहीत नाही. त्यांना कळेल आणि अर्थही ढळणार नाही असं काय लिहावं?

मेलबर्नकर :
‘मसुदा’ तर सोडाच. मसुदा कायद्याचा, कराराचा, पत्राचा. ‘मसुद्यात पहिल्या क्रमांकावर निवड’ या वाक्याला मराठीत काही अर्थच उरत नाही. इंग्रजी शब्दात कच्चा कागद, बँकेचा ड्राफ्ट, सैन्यातली सक्तीची भरती असं बरंच काही मावतं. खेळातला अर्थ त्यातल्या भरतीला जवळचा आहे.

शब्द ठरवण्याआधी तिथे घडतं काय ते बघा. सप्टेंबरच्या शेवटी अंतिम सामना, ऑक्टोबरात क्लबांची आपापसातली देवघेव आणि नोव्हेंबरात ड्राफ्ट. त्या वर्षअखेरपर्यंत अठरा वर्षं पूर्ण होणारी मुलं नाव नोंदवतात आणि एएफएल या लीगमधले १८ क्लब एकामागून एक नावं पुकारतात. हंगामात जो तळाला राहिला त्याला सर्वांत आधी नाव घ्यायचा मान, विजेत्याला पहिल्या फेरीत सर्वांत शेवटी. पैशाची बोली कुठेच नाही. नव्या मुलाचा पगार लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्या करारातून ठरतो. मुलाला कुठे जायचं आहे हे कुणी विचारत नाही. पर्थच्या पोराचं नाव ब्रिस्बेनने पुकारलं की त्याने बॅग भरायची आणि साडेतीन हजार किलोमीटर लांब जाऊन निदान दोन वर्षं तिथे खेळायचं.

ही पद्धत १९८६ साली आली, तेव्हा लीग व्हिक्टोरिया राज्याच्या नावाने चालायची. आधी क्लबांना गावं आणि उपनगरं वाटून दिलेली असत. त्या टापूत वाढलेला मुलगा आपोआप त्या क्लबचा. ज्याच्या टापूत चांगले खेळाडू निपजले त्याचं भाग्य फळफळलं, बाकीचे हात चोळत बसले. परराज्यातल्या खेळाडूंसाठी तर पैशाच्या थैल्या सुटायच्या आणि त्यात लहान क्लब बुडायला आले होते. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक क्लबच्या एकूण पगाराला मर्यादा आणि भरतीला क्रम, अशी जोडी आणली गेली. तेव्हा आपल्या शब्दातून दुबळ्याला आधी संधी, पैशाची चढाओढ नाही आणि मुलाला निवड नाही, हे निदान पुसलं जाऊ नये.

जोगेश्वरीकर :
पण साहेब, ‘लिलाव’ म्हटलं की लोकांना चटकन कळतं. कबड्डीचा लिलाव, क्रिकेटचा लिलाव, तसाच फूटीचा. शब्द थोडा सैल पडला तर बिघडलं कुठे?

मेलबर्नकर :
बिघडतं, कारण लिलावात ज्याची थैली मोठी त्याचं चालतं आणि ड्राफ्ट नेमका तेच रोखण्यासाठी काढला आहे. ‘अमुक मुलाला पहिल्या क्रमांकाची बोली’ असं लिहिलंत की वाचक लगेच विचारणार, किती कोटींना गेला?

आणि आपल्या लोकांना ड्राफ्ट अगदीच परका नाही. चेन्नई आणि राजस्थान दोन वर्षं बाहेर बसले तेव्हा, डिसेंबर २०१५ मध्ये, पुणे आणि राजकोट या दोन नव्या संघांनी त्यांचे खेळाडू आळीपाळीने उचलले होते. पहिलं नाव पुण्याने घेतलं, धोनीचं. मग राजकोटने रैनाचं. मग पुण्याने रहाणेचं. पहिल्या खेळाडूचे साडेबारा कोटी आधीच ठरलेले होते, पुढच्यांचेही उतरत्या क्रमाने ठरलेले. तो लिलाव नव्हताच. त्याही आधी २००८ साली एकोणीस वर्षांखालची मुलं अशीच वाटून घेतली गेली. पहिली पाळी दिल्लीची होती, तिने प्रदीप सांगवानला घेतलं आणि घरचा विराट कोहली बंगळूरला गेला. वरणगावकर, टिपणात ही दोन उदाहरणं द्या. वाचकाला व्याख्या लागणार नाही.

जोगेश्वरीकर :
पुण्याचं उदाहरण पटलं. मग ‘ड्राफ्ट’ असाच ठेवावा?

कोल्हापूरची लेक :
माझं मत, नावासाठी ‘ड्राफ्ट’ तसाच ठेवावा, पहिल्यांदा येईल तिथे ‘पाळीची निवड’ असं फोडून सांगावं आणि क्रियापद मात्र साधं मराठी वापरावं. ‘ड्राफ्ट केला गेला’ कानाला टोचतं. ‘कॉलिंगवुडने त्याचं नाव घेतलं’ किंवा ‘त्याला उचललं’ हे आपण रोज बोलतो.

खरी गंमत ‘पिक’मध्ये आहे. इंग्रजीत तो शब्द दोन कामं करतो. घेतला गेलेला मुलगाही पिक आणि घेण्याचा हक्कही पिक. आपण दोन्हींना ‘निवड’ म्हटलं की घोटाळा होतो. ‘क्लबने आपली तिसरी निवड दिली’ म्हणजे काय, मुलगा दिला की हक्क दिला? म्हणून हक्काला ‘पाळी’ म्हणावं. ‘तिसरी पाळी’, ‘पहिल्या फेरीतली पाळी’, ‘पुढच्या वर्षीची पाळी’. ‘नंबर’ही चालला असता, पण ‘त्याचा तिसरा नंबर आला’ म्हटलं की स्पर्धेतलं बक्षीस वाटतं.

मेलबर्नकर :
‘पाळी’ला माझा पूर्ण पाठिंबा, ताई. आणि ही पाळी तिथे अक्षरशः मालमत्तेसारखी वागवली जाते. ती देता येते, घेता येते, साठवता येते. २०१५ पासून पुढच्या वर्षीची पाळीसुद्धा आज देऊन टाकता येते, म्हणजे आपण पुढच्या हंगामात कितवे येणार हे कुणालाच ठाऊक नसताना. ती जप्तही होते. मेलबर्नच्या कार्लटन क्लबने पगाराची मर्यादा चोरून ओलांडली होती. २००२ मध्ये ते उघड झालं, मोठा दंड बसला आणि पहिली-दुसरी पाळीही गेली. हंगामात तळाला राहूनही पहिलं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा ते हात बांधून बसले आणि ब्रेंडन गॉडर्ड सेंट किल्डाला मिळाला. ‘कार्लटनच्या पाळ्या जप्त झाल्या’ हे मराठीत किती नेटकं बसतं बघा. ‘निवडी जप्त झाल्या’ म्हणून बघा, बसत नाही.

‘७९वी पाळी’ म्हटलं की मागे राहिलेल्या मुलाची गोष्टही कळते. १९९० साली एसेंडनने इतक्या उशिरा जेम्स हर्डचं नाव घेतलं होतं. सहा वर्षांनी त्याने ब्राउनलो पदक मिळवलं, लीगमधला सर्वांत मोठा वैयक्तिक मान.

वरणगावकर :
‘पाळी’ पक्की. आता ‘ट्रेड’. ‘बदली’ मला जवळचा वाटतो. शिक्षकाची बदली, पोलिसाची बदली, तशी खेळाडूची.

कोल्हापूरची लेक :
तोच तर धोका आहे. बदलीचा हुकूम वरून येतो आणि माणसाने मुकाट निघायचं असतं. शिवाय ‘बदली खेळाडू’ म्हणजे आपल्याकडे राखीव, कुणाच्या जागी उतरणारा. दोन अर्थ एकाच वाक्यात भांडतील.

मेलबर्नकर :
अगदी बरोबर, आणि फूटीत नेमकं उलटं आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच खेळांत खेळाडूला न विचारता दुसऱ्या शहरात धाडता येतं. फूटीत खेळाडू हो म्हणाल्याशिवाय व्यवहार होत नाही. ड्राफ्टच्या दिवशी अठरा वर्षांच्या मुलाला कुणी विचारत नाही, पण एकदा तो आत आला की त्याच्या होकाराशिवाय त्याला हलवता येत नाही. पुष्कळदा मागणी त्याच्याकडूनच येते. जेसन हॉर्न-फ्रान्सिस दक्षिण ऑस्ट्रेलियाचा. २०२१ मध्ये नॉर्थ मेलबर्नने पहिल्या पाळीला त्याला घेतलं, एका हंगामानंतर त्याने घरी परतायचं म्हणून सांगितलं आणि चार क्लबांच्या गुंतागुंतीच्या व्यवहारातून तो त्याच राज्यातल्या पोर्ट अ‍ॅडलेड क्लबला गेला. याला ‘बदली’ म्हटलं तर मुलगा गप्प बसलेला दिसतो, ‘विक्री’ म्हटलं तर पैसा दिसतो. इथे क्लब एकमेकांना खेळाडूची किंमत रोख मोजत नाहीत. युरोपातल्या फुटबॉलपेक्षा हा फरक मोठा आहे.

एक व्यवहार जवळून बघा. २००७ मध्ये क्रिस जडला पर्थचा वेस्ट कोस्ट क्लब सोडून मेलबर्नला घरी यायचं होतं. आदल्याच वर्षी त्याच्या कप्तानीखाली वेस्ट कोस्टने विजेतेपद मिळवलेलं. कार्लटनने त्याच्या बदल्यात तिसरी पाळी, विसावी पाळी आणि जॉश केनेडी नावाचा तरुण आक्रमक असं दिलं आणि जडबरोबर ४६वी पाळी घेतली. जडने कार्लटनकडून २०१० चं ब्राउनलो जिंकलं. केनेडी वेस्ट कोस्टचा आजवरचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. हे लिहायला ‘अदलाबदल’ पुरतं. ‘जडच्या बदल्यात’ हे शब्द वाक्यात आले की वेगळा पारिभाषिक शब्द लागतच नाही. तीन-चार क्लब गुंतले असतील तर ‘व्यवहार’.

जोगेश्वरीकर :
आमच्याकडे ‘साटंलोटं’ म्हणतात, तुमची आमच्या घरात, आमची तुमच्या घरात. तो कसा वाटतो?

कोल्हापूरची लेक :
खेळाडूला खेळाडू दिला तर शोभतो, पण लेखात नको. एकतर त्याला आता संगनमताचा वास लागला आहे. दुसरं म्हणजे इथे पाळ्या दिल्या जातात, कधी नुसता पगाराचा बोजाही. तेवढं साटंलोटं पेलत नाही.

मेलबर्नकर :
बोजाचं उदाहरण आहेच. २०२२ मध्ये गोल्ड कोस्टला पगाराच्या मर्यादेत जागा करायची होती. त्यांनी जॅक बोजला त्याच्या जड करारासकट जिलॉन्गला दिलं आणि वर सातवी पाळीही दिली. बदल्यात मिळाली पुढच्या वर्षीची तिसऱ्या फेरीतली पाळी. जिलॉन्ग त्या वर्षीचा विजेता, त्यांच्या हाती एवढी वरची पाळी एरवी पडली नसती. दुबळ्याला आधी, हे तत्त्व अदलाबदलीत असं पातळ होतं आणि मला ते खटकतं.

वरणगावकर :
‘फ्री एजंट’साठी ‘मुक्त खेळाडू’ लिहिलं तर?

मेलबर्नकर :
‘करारमुक्त’पेक्षा ‘मुक्त’ बरा. करार संपलेला प्रत्येक जण मुक्त होत नाही, हे फूटीचं वैशिष्ट्य. २०१२ पासून आपला नवा क्लब आपण निवडायची सोय आहे, पण एका क्लबात आठ वर्षं काढलेल्यांसाठी. त्यातही क्लबमधल्या सर्वाधिक पगारवाल्यांत मोडणारा असेल तर जुना क्लब तेवढाच पगार देऊ करून त्याला अडवू शकतो. याला ‘बंधनासह मुक्त’ म्हणावं लागेल; कानाला जरा विचित्र वाटतं, पण वस्तुस्थितीच तशी आहे. लान्स फ्रँकलिन २०१३ मध्ये असाच हॉथॉर्नहून सिडनीला गेला. नऊ वर्षांचा, सुमारे एक कोटी डॉलरचा करार होता. हॉथॉर्नने बरोबरी केली नाही आणि त्यांना लीगकडून भरपाई म्हणून एकोणिसावी पाळी मिळाली. आयपीएलमध्ये बरोबरी करण्याच्या हक्काचं कार्ड असतं, ते आठवून लिहा, वाचकाला लगेच उमगेल.

वरणगावकर :
आणि ‘फादर-सन’, म्हणजे जुन्या खेळाडूच्या मुलाला वडिलांच्या क्लबात घ्यायचा नियम? ‘पिता-पुत्र नियम’ लिहिला आहे.

कोल्हापूरची लेक :
‘बाप-लेक नियम’ लिहा. महिलांच्या लीगमध्ये असाच नियम खेळाडूंच्या मुलींनाही आहे आणि आपल्या भाषेत ‘लेक’ मुलगाही असतो, मुलगीही. ‘पुत्र’ लिहून तो दरवाजा बंद करायला नको.

मेलबर्नकर :
ताई, हे फार मोलाचं सांगितलंत. फक्त ‘वारसाहक्क’ म्हणू नका. क्लबकडून वडील १०० सामने खेळलेले असले तर लेकाला तिथे जायची इच्छा सांगता येते, सक्ती नाही. आणि क्लबला तो फुकट मिळत नाही. पूर्वी जवळजवळ फुकटच मिळायचा. टॉम हॉकिन्ससारखा धिप्पाड मुलगा २००६ मध्ये जिलॉन्गला ४१व्या पाळीला मिळाला, तेव्हा बाकीच्यांनी आरडाओरडा केला आणि पुढच्याच वर्षी बोलीची पद्धत आली. इथे ‘बोली’ शब्द खुशाल वापरा, मात्र ती पाळीची बोली आहे हे सांगा. २०२१ मध्ये गोल्ड कोस्टने चौथ्या पाळीला निक डेकॉसचं नाव पुकारलं, म्हणजेच बोली लावली. त्याचे वडील पीटर डेकॉस कॉलिंगवुडकडून २५० सामने खेळलेले. कॉलिंगवुडने मागच्या पाळ्या गोळा करून त्यांच्या गुणांतून बरोबरी केली आणि लेक घरी आणला. प्रत्येक पाळीची किंमत गुणांत सांगणारा तक्ता २०१५ मध्ये आला, त्यात पहिली पाळी ३००० गुणांची होती, खाली उतरत जाईल तशी किंमत घटायची. घरच्या क्लबला सुरुवातीला पहिल्या फेरीत वीस टक्के सूट असे. पुढे ती कमी केली, आणि तेही योग्यच झालं.

जोगेश्वरीकर :
शेवटचा ‘डीलिस्ट’. ‘डच्चू’ चालेल ना? वर्तमानपत्रात तोच असतो.

कोल्हापूरची लेक :
डच्चू एका सामन्यापुरता, एका मालिकेपुरता. पुढच्या सामन्यात माणूस परत येऊ शकतो. क्लबच्या यादीतूनच नाव काढलं तर ‘नारळ दिला’ म्हणतात.

मेलबर्नकर :
फरक अचूक आहे आणि फूटीत तो लागतोच. डच्चू मिळालेला खेळाडू त्याच आठवड्यात क्लबच्या दुय्यम संघातून खेळत असतो, पगार चालू असतो. नारळ मिळतो तो हंगाम संपल्यावर, करार संपवून. बातमीच्या मथळ्यात ‘नारळ’, मजकुरात ‘यादीतून नाव कमी केलं’ असं ठेवा. मुलगा पुष्कळदा वीस-एकवीस वर्षांचा असतो आणि त्याच्या घरचेही ती बातमी वाचतात. मात्र नारळ म्हणजे खेळ संपला असं लिहू नका. यादीतून नाव कमी झालेल्याला दुसरा कुठलाही क्लब थेट घेऊ शकतो, नाहीतर तो पुन्हा ड्राफ्टला नाव नोंदवतो. २०१९ पासून हंगामाच्या मध्यावरही एक छोटा ड्राफ्ट होतो. कुणाला मोठी दुखापत झाली की क्लब त्यातून रिकामी जागा भरतात आणि खालच्या लीगमध्ये खेळत राहिलेल्यांची नावं तिथे पुकारली जातात.